लेथची थरथर आणि कामगाराचा कान

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट, लढाया आणि तहनामे उभे राहतात. कारखान्यातील यंत्रांनाही इतिहास असतो, आणि त्या इतिहासातही लढाया आणि तह असतात, हे मात्र व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून क्वचितच सांगितले जाते. तसा एक लहानसा इतिहास आज सांगावयाचे आम्ही योजिले आहे. विषय दिसावयास क्षुल्लक आहे. लेथवर लोखंड कातीत असताना यंत्राला जी थरथर सुटते ती कशामुळे सुटते, आणि ती मोडण्यासाठी माणसाने कोणकोणते उपाय केले, एवढाच तो विषय. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या खात्यात, गेटसभेत व नगरवाचनालयात पुष्कळ, असे झालेले आहे. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने बोलण्याचा आमचा दावा नाही. परंतु या लहानशा विषयाच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि तो आमच्या रोजच्या कामातला आहे. कामाचे ज्ञान कोणाचे, कागदाचे की हाताचे? त्या प्रश्नासाठीच हा खटाटोप.

थरथर म्हणजे काय

ज्यांनी लेथ पाहिलेली नाही त्यांनी कातारी आठवावा. भोवरा, लाटणे किंवा पाळण्याचे खूर करताना कातारी लाकूड फिरवतो आणि त्याला पटाशी लावतो. लेथचे तत्त्व हेच. चकमध्ये लोखंडाचा जॉब घट्ट पकडतात, स्पिंडल त्याला फिरवते, आणि टूलपोस्टमध्ये आवळलेले हत्यार जॉबच्या अंगावरून हळूहळू सरकत लोखंडाचा कीस काढीत जाते. सर्व नीट चालले असले म्हणजे एक संथ, भरीव आवाज येतो. मग एकाएकी तो आवाज बदलतो. कधी घोगरा गुरगुराट होतो, कधी कानठळ्या बसविणारी किंचाळी फुटते. यंत्र थांबवून पाहावे तर जॉबच्या अंगावर बारीक बारीक लाटांचे पट्टे उमटलेले असतात. यालाच खात्यात ‘चॅटरिंग’ म्हणतात. त्याने जॉबची तकाकी जाते, माप बिघडते, हत्याराची धार तुटते आणि स्पिंडलच्या बेअरिंगचे आयुष्य घटते. फळ्यावर खडू उभा धरून ओढला म्हणजे रेघेच्या जागी टिंबांची ओळ उमटते आणि अंगावर शहारा आणणारा आवाज होतो, हा अनुभव प्रत्येकाने शाळेत घेतलेला आहे. लेथची थरथर ही त्याचीच थोरली बहीण.

बळकटीचा उपाय

या थरथरीवर माणसाने केलेला पहिला उपाय अगदी सरळ होता. यंत्र जाड करा, आधार बळकट करा. १७७५ च्या सुमारास इंग्लंडात जॉन विल्किन्सन याने सिलिंडर पोखरण्याचे यंत्र तयार केले. पोखरणारा दांडा एका टोकाला धरून दुसरे टोक अधांतरी न ठेवता त्याने तो सिलिंडरमधून आरपार नेला आणि दोन्ही टोकांना आधार दिला. त्यामुळे भोक इतके नेमके पडू लागले की जेम्स वॅटचे वाफेचे इंजिन कागदावरून प्रत्यक्षात उतरू शकले. औद्योगिक क्रांतीचा इतिहास वॅटच्या नावाने सांगितला जातो. पण वॅटचा दट्ट्या ज्या सिलिंडरात चालला तो सिलिंडर बिनथरथरीचा कातला गेला नसता तर त्या इंजिनाची वाफ फटीतूनच निघून गेली असती.

पुढे १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ले याने संपूर्ण लोखंडी लेथवर सरकता टूलपोस्ट आणि आट्याचा स्क्रू यांची सांगड घातली. हत्यार माणसाच्या हातातून सुटून यंत्राच्या मुठीत गेले. ही क्रांती मोठीच होती, परंतु तिची एक किंमत होती. हाताने पटाशी धरणारा कातारी थरथर जाणवताच पकड नकळत बदलतो, किंचित दबतो, किंचित सैल होतो. लोखंडी मुठीला हे कळत नाही. लोखंड आपल्याला निर्जीव आणि ताठ वाटते, पण प्रत्यक्षात ते स्प्रिंगसारखे वाकते आणि परत येते. हत्यार टूलपोस्टच्या बाहेर जितके लांब काढावे तितके ते अधिक लवते, आणि हे लवणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी दुप्पट केली तर त्याच जोराखाली लवणे आठपट होते. म्हणून जुना मिस्त्री शिकाऊ पोराला पहिला धडा देतो तो हाच, की हत्यार आखूड धर.

कानशीची गोष्ट

बळकटीखेरीज दुसरा एक उपाय फार जुना होता, मात्र तो उपाय आहे हे बराच काळ कोणाच्या ध्यानात आले नाही. पूर्वी कानशीचे दात छिन्नीहातोड्याने एकेक करून पाडीत. कारागीर कितीही कुशल असला तरी दोन दातांतले अंतर केसाएवढे कमीजास्त व्हावयाचेच. एकोणिसाव्या शतकात दात पाडणारी यंत्रे आली. यंत्राचे दात अगदी एकसारखे. वाटले होते की यंत्राची कानस हातच्या कानशीहून सरस ठरेल. झाले उलटे. एकसारख्या दातांची कानस लोखंडावर थरथरू लागली. एका दाताने पाडलेल्या खाचेत पुढचा दात नेमका बसे आणि तीच खाच खोल करीत जाई. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स येथे १८६४ मध्ये कानशींचा कारखाना काढणाऱ्या विल्यम निकल्सन याच्या कारखान्याने यावर युक्ती काढली. यंत्रानेच दात पाडावयाचे, पण त्यांच्यातील अंतर मुद्दाम क्रमाने बदलत न्यावयाचे. हातातून जी विषमता आपोआप येत होती, तीच आता यंत्राला शिकवावी लागली.

भोक साफ करण्याच्या रीमरचे दातही याच कारणाने विषम अंतरावर ठेवण्याची प्रथा पडली. पुढे १९६५ मध्ये स्लाविचेक याने मिलिंग कटरचे दात असमान अंतरावर ठेवले असता थरथर का हटते, याची गणिती मांडणी केली. हत्याराच्या अंगी आणलेली ही विषमता श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. पुढे तीच विषमता वेगाच्या अंगी आणण्याची गोष्ट येणार आहे.

टेलर साहेबांचा हिशोब

आता या इतिहासात असा एक पुरुष येतो, ज्याचे नाव कामगार चळवळीत प्रेमाने घेतले जात नाही. फ्रेडरिक विन्स्लो टेलर. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात तो १८७८ मध्ये लागला, प्रथम खात्यात काम केले, मग मुकादम आणि पुढे मुख्य अभियंता झाला. १८८० मध्ये त्याने धातू कातण्याचे प्रयोग सुरू केले ते २६ वर्षे चालू ठेवले. नोंद झालेल्या प्रयोगांची संख्या त्यानेच ३० ते ५० हजार सांगितली आहे. आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड आणि पोलाद या प्रयोगांत किसून काढले गेले, आणि खर्च दीड ते दोन लाख डॉलर झाला. बेथलहेम येथे मॉन्सेल व्हाइट याच्या सहकार्याने त्याने शतक सरता सरता हायस्पीड पोलादाचे हत्यार सिद्ध केले आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात जगाला दाखविले. लाल होईपर्यंत तापूनही धार न सोडणारे ते हत्यार पाहून यंत्रे बांधणाऱ्यांना आपली यंत्रे नव्याने बांधावी लागली.

१९०६ च्या डिसेंबरात अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष या नात्याने टेलरने या सर्व कामाचा वृत्तांत सादर केला. कातण्याचा वेग बारा गोष्टींवर अवलंबून असतो, असे त्याने दाखविले. कार्ल बार्थ या त्याच्या सहकाऱ्याने त्यासाठी एक सरकपट्टी तयार केली. ती पट्टी सरकवली की कोणत्या जॉबला किती फेरे, किती फीड आणि किती काप, याचे उत्तर अर्ध्या मिनिटात मिळे. टेलरच्या मनातील योजना अशी की, कामगाराच्या हातातील अंदाजपंचे ज्ञान काढून घेऊन ते नियोजन कचेरीत ठेवावे, आणि कामगाराने कचेरीतून आलेल्या कार्डाप्रमाणे यंत्र चालवावे.

टेलरची कामगारांविषयीची मते आम्हांला मान्य नाहीत. पण त्याचा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे. बारा गोष्टींच्या यादीत थरथर ही एक होती. तिच्यामुळे वेग दहा ते पंधरा टक्क्यांनी कमी ठेवावा लागतो, एवढे त्याने मोजले. सरळ धारेऐवजी गोल नाकाचे हत्यार वापरले म्हणजे किसाची जाडी धारेच्या प्रत्येक बिंदूपाशी निराळी पडते आणि थरथर कमी होते, हेही त्याने हेरले. म्हणजे कानशीतली विषमता येथे पुन्हा भेटली. परंतु यापलीकडे त्याची पट्टी चालेना. यंत्रकामगारापुढील सर्व प्रश्नांत थरथरीचा प्रश्न सर्वांत दुर्बोध आणि नाजूक आहे, आणि नाना आकारांच्या जॉबांसाठी त्यावर बिनचूक नियम वा सूत्र बसविता येणे बहुधा शक्य नाही, अशा अर्थाची कबुली त्याने त्या वृत्तांतात देऊन ठेवली आहे. म्हणजे पट्टीने कामगाराच्या हातून बाकीच्या गोष्टी घेतल्या, आणि ही एक गोष्ट मात्र त्याच्या कानाकडेच राहिली.

या पद्धतीवरून जी लढाई झाली तीही थोडक्यात सांगितली पाहिजे. वॉटरटाउन येथील अमेरिकन सरकारच्या शस्त्रागारात टेलर पद्धत आधी यंत्रशाळेत आणली गेली. नंतर ओतशाळेत स्टॉपवॉच घेऊन वेळ मोजणारा माणूस उभा राहिला, तेव्हा ११ ऑगस्ट १९११ रोजी साचेकारांनी काम बंद केले. अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीचे अध्यक्ष विल्यम विल्सन हे होते. खाणकामगारांच्या संघटनेतून पुढे आलेले हे गृहस्थ १९१३ मध्ये अमेरिकेचे पहिले मजूरमंत्री झाले. १९१२ च्या जानेवारीत टेलरची त्यांच्यापुढे साक्ष झाली. १९१५ मध्ये काँग्रेसने सैन्याच्या खर्चाच्या कायद्यात कलम घालून शस्त्रागारांत स्टॉपवॉचला बंदी केली, आणि त्याच वर्षी टेलर वारला. त्या लढाईत प्रश्न स्टॉपवॉचचा होता. परंतु त्याच्या मुळाशी ‘काम करण्याची एकच उत्तम रीत असते आणि ती कचेरीला कळते’ हा समज होता. थरथरीचा पुढील इतिहास या समजाला कसा सामोरा गेला ते पाहू.

यंत्राची आठवण

थरथर सुटते तरी कशी? झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला कोणी मागून ठराविक वेळाने धक्का देत असेल तर झोपाळा वाढत जातो. तेथे धक्का बाहेरून येतो. यंत्राचे एखादे चाक असमतोल असले किंवा बेअरिंग खिळखिळे झाले असले म्हणजे येणारा कंप असाच बाहेरच्या धक्क्याचा असतो. चॅटरिंगची जात निराळी. सारंगीवर गज सारख्या संथ वेगाने ओढला तरी तार कंप पावते, गज काही धक्के देत नाही. तार आणि गज यांच्यातील घर्षणातूनच कंप स्वतःचे पोषण करून घेतो. लेथच्या थरथरीचे कारण प्रथम येथेच शोधले गेले. १९४६ मध्ये आर. एन. अर्नोल्ड या ब्रिटिश संशोधकाने, कातण्याचा वेग वाढला की हत्यारावरील जोर कमी होतो आणि त्यातून कंपाला खाद्य मिळते, असे प्रयोगाने मांडले. ते काही प्रसंगी खरे होते, पण सर्व थरथरीचा उलगडा त्याने होईना.

खरे मर्म १९५० नंतरच्या दशकात उकलले. घासून पॉलिश करणाऱ्या ग्राइंडिंग यंत्रासंबंधी आर. एस. हान याने १९५४ मध्ये, आणि एकंदर कातकामासंबंधी टोबायस व फिशविक यांनी १९५८ मध्ये ते मांडले. त्याच काळात प्रागमध्ये यिर्झी ट्लुस्टी आणि पोलाचेक स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले. ते मर्म समजण्यासाठी आमच्या खेड्यातील बैलगाडीचा रस्ता डोळ्यांपुढे आणावा. पहिल्या गाडीचे चाक एका दगडावर उडाले आणि पुढे आदळले, तेथे खळगा पडला. मागून येणारी गाडी त्याच चाकोरीतून येते, त्याच खळग्यात आदळते आणि तो खोल करते. काही दिवसांनी सगळा रस्ता खळग्यांचा होतो. आता लेथकडे पाहा. जॉबच्या एका फेऱ्यात हत्यार जरा उडाले तर जॉबवर एक लाट उमटते. पुढच्या फेऱ्यात हत्यार त्याच लाटेवर येते. त्यामुळे किसाची जाडी कमीजास्त होते, जोर कमीजास्त होतो, हत्यार पुन्हा उडते आणि नवी लाट सोडून जाते. म्हणजे यंत्राला आपल्या मागल्या फेऱ्याची आठवण असते, आणि ती आठवणच त्याला थरथरावते.

थोडा हिशोब केला तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. जॉब मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे सेकंदाला ५ फेरे घेत आहे असे समजा. हत्यार सेकंदाला १२० वेळा थरथरते असे समजा. मग एका फेऱ्यात बरोबर २४ लाटा पडतील. मागल्या फेऱ्याची लाट आणि या फेऱ्याची लाट पावलाला पाऊल मिळवून चालतील. दोन्ही लाटा एकदम वर, एकदम खाली. किसाची जाडी तीच राहील आणि थरथरीला खाद्य मिळणार नाही. परंतु लाटांची संख्या पूर्णांक नसेल, तर दोन लाटांची पावले चुकतात, कीस जाड-पातळ होतो, आणि ही पावलाची चूक विशिष्ट प्रमाणात असली म्हणजे प्रत्येक फेरा झोपाळ्याला धक्का दिल्यासारखा होतो. थरथर मोठी चतुर आहे. ती आपला ताल किंचित बदलून स्वतःला सोयीची अशी पावलाची चूक शोधून काढते आणि तिला चिकटून राहते.

यावरून एक नकाशा तयार झाला. आडव्या रेषेवर फेरे आणि उभ्या रेषेवर कापाची खोली घेतली, तर निर्धोक आणि सदोष काप यांच्यामधली हद्द झालरीसारखी दिसते. खालच्या बाजूला नेहमी निर्धोक पट्टा असतो, आणि दोन झालरींच्या मधल्या खाचेत खोल कापही बिनथरथरीचा घेता येतो. १९६५ मध्ये अमेरिकेतील मेरिट याने हा नकाशा काढण्याची रीत सुटसुटीत करून दिली. फेरे जितके जास्त तितक्या या खाचा रुंद होतात. फेरे कमी असले की झालरी एकमेकींत दाटतात आणि खाच सापडेनाशी होते. म्हणून थरथर सुटली की वेग कमी करावा, ही आमच्या खात्यातील सवय प्रत्येक वेळी बरोबर नसते. काही वेळा वेग वाढविल्याने थरथर थांबते. हे कामगारांनीही जाणून घेतले पाहिजे.

ताल मोडण्याचा उपाय

पण जेथे खाच सापडतच नाही तेथे काय करावयाचे? जड जॉब, कडक धातू, फेरे कमी. अशा ठिकाणी एक विलक्षण कल्पना पुढे आली. थरथर जर फेऱ्याफेऱ्यातील ठराविक नात्यावर जगते, तर ते नातेच ठरू देऊ नये. फेरे एका आकड्यावर स्थिर ठेवण्याऐवजी सतत थोडे वाढवीत आणि कमी करीत राहावे. १९७२ मध्ये जर्मनीत श्टोफर्ले आणि ग्राब यांनी फेऱ्यांत ठराविक काळाने बदल करून थरथर टाळण्याविषयी लिहिले. १९७४ मध्ये जपानमधून दोन निबंध आले, एक ताकेमुरा, किटामुरा व होशी यांचा आणि दुसरा इनामुरा व साता यांचा.

वरचाच हिशोब पुढे चालवू. ३०० फेऱ्यांच्या जागी फेरे २७० ते ३३० यांच्या दरम्यान, सेकंद-दोन सेकंदांत एकदा, खालीवर होऊ दिले. २७० फेऱ्यांना एका फेऱ्यात सुमारे २६.७ लाटा बसतात आणि ३३० फेऱ्यांना सुमारे २१.८. म्हणजे खालून वर जाताना दोन लाटांच्या पावलांतील अंतर जवळजवळ पाच वेळा पूर्ण चक्र घेते. थरथर आपल्या सोयीची जागा शोधून स्थिरावते न स्थिरावते तोच ती जागा निसटते. झोपाळ्याला धक्का देणाऱ्याचे हातच जणू सारखे चुकत राहतात, आणि झोपाळा आपोआप मंदावतो. कानशीच्या दातांत जी विषमता कारागिराच्या हाताने आली होती, ती आता काळात आणली गेली.

ही कल्पना इतकी साधी, तर टेलरच्या काळात ती का सुचली नाही? याचे एक मोठे कारण यंत्राच्या चालनात आहे. त्या काळी सबंध खात्याला छताजवळून जाणारा एकच शाफ्ट असे. त्यावरून पट्टे खाली येत, आणि पायरीपायरीच्या पुलीवर पट्टा सरकवून वेग बदलावा लागे. नंतर गिअर आले, तरी वेग पायऱ्यांचाच राहिला. चालू कापात वेग लाटेसारखा वरखाली करणे त्यात शक्यच नव्हते. थायरिस्टरवर चालणाऱ्या मोटारी आल्या आणि मागाहून संगणकाच्या हुकमाने चालणारी यंत्रे आली, तेव्हाच ते साधले. आज सीएनसी लेथवर ही सोय पुष्कळदा कंट्रोलमध्येच असते. फेरे किती कमीजास्त करावयाचे आणि किती वेळात, हे दोन आकडे भरले की यंत्र स्वतःच ताल मोडीत राहते.

या उपायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. १९७७ आणि १९७८ मध्ये सेक्स्टन, स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून दाखविले की, प्रारंभी वर्तविला गेला तितका लाभ प्रत्यक्षात मिळत नाही. वेग बदलत असताना मध्येच थोडा काळ थरथर डोके वर काढते. शिवाय जड चक आणि जड जॉब यांचा वेग सारखा वाढविणे-कमी करणे म्हणजे मोटारीवर भार, आणि ती तापते. आणि ज्या कंपाचे मूळ असमतोल चाकात किंवा झिजलेल्या बेअरिंगमध्ये आहे, त्याला हा उपाय लागू पडत नाही. तेथे दुरुस्तीच करावी लागते. म्हणून हत्यार आखूड धरा, जॉबला आधार द्या, धार योग्य निवडा, मग फेरे निवडा, आणि तरीही थरथर राहिली तर फेरे खेळते ठेवा, असा क्रम लावावा हे बरे.

कानाचे मोल

आता आमच्या कामाकडे वळतो. सीएनसी लेथच्या पॅनेलवर एक खटका असतो, त्याला ओव्हरराइड म्हणतात. प्रोग्रॅममध्ये लिहिलेला वेग त्या खटक्याने कामगाराला कमीजास्त करता येतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका जुन्या टर्नरवर आरोपपत्र आले. त्याने खटका शंभरवर न ठेवता वारंवार ऐंशी-पंच्याऐंशीवर आणला आणि हेतुपुरस्सर उत्पादन घटविले, असा आरोप. त्याचे म्हणणे एवढेच की जॉब ओरडू लागला म्हणून वेग उतरविला. ओरडणे हा शब्द चौकशी अधिकाऱ्याला पुरावा म्हणून मान्य होईना. युनियनच्या वतीने आम्ही मागणी केली की, जॉब अधिकाऱ्यांसमोर शंभरवर चालवून दाखवावा. तो चालविला गेला. तिसऱ्या जॉबवर लाटांचे पट्टे स्पष्ट उमटले. मग त्यांच्यातल्याच एका तरुण अभियंत्याने कंट्रोल उघडून पाहिला, तर फेरे खेळते ठेवण्याची सोय त्यात मुळातच होती, कोणी ती सुरू केलेली नव्हती. एका यंत्रावर ती लागू पडली आणि सरासरी वेग न उतरता जॉब स्वच्छ निघाला. दुसऱ्या यंत्रावर चक जड होता, तेथे ती लागू पडली नाही, आणि त्या यंत्रापुरता उत्पादनाचा आकडा खाली आणावा लागला. आरोपपत्र मागे घेतले गेले. या प्रकरणात अभियंत्याचे शास्त्र आणि टर्नरचा कान यांच्यात भांडण नव्हते. भांडण होते ते दोघांनाही न विचारता ठरविलेल्या एका आकड्याशी.

शास्त्राने कानाचा अपमान केलेला नाही, हे या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण दाखविते. ट्लुस्टी १९६८ नंतर आपला देश सोडून गेले, कॅनडात राहिले आणि पुढे अमेरिकेत फ्लॉरिडा विद्यापीठात काम करू लागले. १९९२ मध्ये डेलिओ आणि स्मिथ या सहकाऱ्यांसह त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. थरथर ओळखून ती आवरण्यासाठी यंत्रावर कोणते साधन बसवावे, हा त्यातील प्रश्न. जोर मोजणारी, हालचाल मोजणारी महागडी साधने उपलब्ध असताना त्यांनी कौल दिला तो साध्या मायक्रोफोनला. यंत्राचा आवाज ऐकावा, त्यातून थरथरीचा ताल ओळखावा आणि त्याप्रमाणे फेरे बदलावे. जुना टर्नर दुसरे काय करीत होता? टेलरने ज्या एका गोष्टीपुढे हात टेकले, तिची किल्ली शेवटी ऐकण्यातच निघाली. मात्र एवढ्यावरून टर्नरला सगळे ठाऊक होते असे म्हणणे ही खुशामत होईल. आवाज बिघडला हे त्याला कळत होते, पण तो का बिघडला हे कळावयास गणित लागले, आणि वेग वाढवूनही थरथर थांबते किंवा फेरे खेळविल्याने ती मोडते, हे त्या गणिताने दाखविले.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. ज्या कानाने ही थरथर ओळखावयाची, तोच कान या थरथरीने निकामी होतो. आवाजामुळे येणारे बहिरेपण हे कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कळविण्याजोग्या व्यवसायजन्य रोगांत नोंदले गेले होते. आठ तास थरथरणाऱ्या यंत्राशी उभा राहणारा माणूस प्रथम बारीक, उंच स्वर ऐकेनासा होतो, आणि घरी त्याची चिमुरडी नात काय बोलते ते त्याला दोनदा विचारावे लागते. तेव्हा थरथर मोडणे हा केवळ जॉबच्या तकाकीचा किंवा मालकाच्या नफ्याचा प्रश्न नाही. तो कामगाराच्या आरोग्याचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी नव्या शास्त्राचे स्वागत युनियनने पुढे होऊन केले पाहिजे.

यंत्राला कान फुटले, आता टर्नरच्या कानाची गरज काय, असे विचारले जाऊ लागले आहे. आमचे उत्तर असे. मायक्रोफोन थरथर ऐकतो. पण ती हत्यार लांब धरल्याने आली, की जॉबची ओतीव पोकळ निघाल्याने, की बेअरिंग गेल्याने, हे अद्यापही जवळ उभ्या असलेल्या माणसालाच अधिक लवकर कळते. ते ज्ञान कागदावर उतरवून घेण्यास आमचा विरोध नाही. उतरवून घेतल्यावर ज्याचे ते होते त्याला श्रेणीतून खाली ढकलण्यास आमचा विरोध आहे.

म्हणून यापुढे होणाऱ्या वेतन करारांत तीन कलमे असावीत, असे आम्ही सुचवितो. यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला थरथर सुटताच वेग बदलण्याचा अधिकार असावा, आणि त्या अधिकाराचा वापर हा गुन्हा मानू नये. उत्पादनाचा आकडा ठरविताना तो जॉब प्रत्यक्ष चालवून, त्या टर्नरला विचारून ठरवावा. आणि फेरे खेळते ठेवण्यासारखी जी सोय यंत्रात आधीच बसविलेली आहे, तिचे शिक्षण अभियंत्याबरोबर कामगारालाही पगारी वेळेत द्यावे. या तीन कलमांना कारखान्याचा पैसा फारसा लागत नाही. टर्नरने सांगितलेले ऐकून घेण्याची तयारी तेवढी लागते.